सा-ग-प आणि सहा तारा: गिटारवर आर्पेजिओ शिकायला सुरुवात

तानपुरा कसा वाजतो ते आठवा. आधी पंचमाची तार, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. प्रत्येक तार वेगळी छेडली जाते, पण पहिलीचा नाद विरायच्या आत दुसरी वाजते आणि ऐकणाऱ्याच्या कानात चारही एकमेकींत मिसळून जातात. गिटारवरचा आर्पेजिओ समजून घ्यायला आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण नाही. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक सूर; ते एकदम न वाजवता एकामागून एक वाजवायचे, म्हणजे आर्पेजिओ. शब्द इटालियन आहे आणि 'आर्पा' म्हणजे हार्प या वाद्यावरून आला आहे.

ज्यांना चार-पाच सोपे कॉर्ड धरता येतात, एखाद्या गाण्याला बऱ्यापैकी स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं) करता येतं, पण पुढे काय करायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसेल तरी काही अडत नाही. सरगम येत असेल, शाळेत पेटीवर बोटं फिरवली असतील, तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे.

माझं मुख्य सांगणं आधीच सांगून टाकतो: जो सूर वाजवाल त्याचं नाव तोंडाने घ्या. सा वाजवताना 'सा' म्हणा, ग वाजवताना 'ग' म्हणा, तेही सुरात. मी पहिलं वर्षभर आर्पेजिओ फक्त आकार म्हणून पाठ केले होते: हे बोट इथे, ते बोट तिथे. हात भरभर चालायचा. एके दिवशी गुरुजींनी मध्येच थांबवून विचारलं, "आत्ता जो वाजवलास तो गंधार होता की पंचम?" मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून सगळं पहिल्यापासून, गात गात केलं, आणि जे वर्षभरात जमलं नव्हतं ते तीन महिन्यांत जमलं. म्हणून खालचा प्रत्येक सराव 'म्हणत' करायचा आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. गिटार वाजवणारे 'आर्पेजिओ' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात.

पहिली गोष्ट उजव्या हाताची. डाव्या हाताने कॉर्ड धरून ठेवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी तारा एकेक करून छेडायच्या. सूर एकमेकांत मिसळू द्यायचे. तानपुऱ्याचं उदाहरण आहे ते याचं.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. इथे कॉर्ड धरायचाच नाही. कॉर्डमधले सूर फ्रेटबोर्डवर, म्हणजे डाव्या हाताने तारा जिथे दाबतो त्या पट्टीवर, एकेक करून शोधत चढायचं आणि उतरायचं, ताना घेतल्यासारखं. एक सूर वाजला की तो थांबवून दुसरा. इलेक्ट्रिक गिटारवरच्या सोलोंमध्ये ऐकू येतो तो हा प्रकार.

दोन्ही शिकायचे, पण आधी पहिला.

तयारी

तारांचे क्रमांक पक्के करा. सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. जाडीकडून बारीककडे त्यांचे सूर ई, ए, डी, जी, बी, ई. खाली मी '५/३' असं लिहीन तेव्हा त्याचा अर्थ पाचवी तार, तिसरा फ्रेट. '३/०' म्हणजे तिसरी तार मोकळी. सतारीवर ज्याला पडदा म्हणतो तोच इथला फ्रेट, मात्र हा जागचा हलत नाही. बोट फ्रेटच्या पट्टीवर ठेवायचं नाही, तिच्या अगदी अलीकडे ठेवायचं.

उजव्या हाताच्या बोटांना नावं देऊ: अंगठा अं, तर्जनी त, मधलं बोट म, अनामिका ना. करंगळी यात येत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत यांच्यासाठी पी, आय, एम, ए ही अक्षरं दिसतील. ती पुल्गार, इंदिसे, मेदिओ, आनुलार या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं आहेत. मोजताना मला तरी 'अं त म ना' म्हणणं जास्त सोपं जातं.

डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली हवीत. उजव्या हाताची बोटाच्या टोकापेक्षा किंचित पुढे असली तर आवाज स्वच्छ येतो, पण ती नसली म्हणून थांबू नका. गिटार कोणती, हाही प्रश्न नेहमी येतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचा नेक (डाव्या हातात धरायचा दांडा) वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतो, स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकचा ४३ च्या आसपास. रुंद नेकवर तारांमध्ये जागा जास्त, म्हणून आर्पेजिओसाठी क्लासिकल सोयीची. पण घरात जी आहे तिच्यावरच सुरू करा, नवी घेण्याची गरज नाही. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात स्टीलच्या तारा फार लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही.

ट्यूनरवर सूर रोज लावायचे. याला सूट नाही.

पहिली पायरी: उजवा हात, एकच कॉर्ड

ई मायनर धरा: ५/२ आणि ४/२, बाकी चार तारा मोकळ्या. हा कॉर्ड मुद्दाम निवडला आहे, कारण यात सहाही तारा चालतात आणि डाव्या हाताला काहीच कष्ट नाहीत.

उजव्या हाताची वाटणी अशी: अंगठ्याकडे सहावी, पाचवी आणि चौथी तार. तर्जनीकडे तिसरी, मधल्या बोटाकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली. ही वाटणी पहिले दोन-तीन महिने बदलू नका.

आता त, म, ना ही तिन्ही बोटं आपापल्या तारांवर नुसती टेकवा. अंगठा सहाव्या तारेवर. अंगठा तर्जनीच्या थोडा पुढे, नेकच्या बाजूला असला पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांवर आपटतात. मनगट सैल. मग अंगठ्याने सहावी तार छेडा. बाकीची बोटं टेकलेलीच. मग तर्जनी सुटेल, मग मधलं, मग अनामिका. बोट तळहाताच्या दिशेने आत जायला हवं. तार वर ओढून सोडली की ती फ्रेटवर आपटून फटकन वाजते. आधी टेकवून ठेवण्याने त्या तारा क्षणभर दबतात हे खरं, पण बोटांना घर सापडेपर्यंत तसंच करा. आठवडा-दोन आठवड्यांत टेकवण्याची गरज उरत नाही.

अं त म ना, अं त म ना. दोन दिवस एवढंच. कान एका गोष्टीकडे: चारही सूर सारख्याच ताकदीने येतात का? बहुतेकांची अनामिका दुबळी असते आणि अंगठा धसमुसळा. अंगठ्याला आवरा.

मग दोन नमुने घ्या. मेट्रोनोमऐवजी मी तबल्याचा ठेका सुचवेन; मोबाईलवर तबला-तानपुऱ्याची ॲप्स मोफत मिळतात, आणि ठेक्यात सम कुठे आहे हे आपल्याला लहानपणापासून ऐकू येत असतं.

दादरा, सहा मात्रा:
अं त म । ना म त

केरवा, आठ मात्रा:
अं त म त । ना त म त

दोन्हींत बघा: समेवर अंगठा येतो आणि 'खाली'च्या मात्रेवर अनामिका. हा योग फार कामाचा आहे. हात चुकला तर थांबून पहिल्यापासून सुरू करू नका. पुढच्या समेला अंगठा खर्जाच्या तारेवर आणा आणि पुढे चला. साथ करताना हेच करावं लागतं.

लय किती ठेवायची? मिनिटाला ६० मात्रांनी सुरू करा, तेही जड वाटलं तर ५०. सलग तीन वेळा स्वच्छ वाजलं की ४ ने वाढवा. घाईघाईने वाढवलेल्या लयीत जी चूक बसते ती नंतर काढायला दुप्पट वेळ लागतो.

दुसरी पायरी: कॉर्ड बदलणं

स्ट्रमिंगमध्ये एखादी तार नीट दबली नसेल तर ती गर्दीत खपून जाते. आर्पेजिओत प्रत्येक तार एकटी पुढे येते, त्यामुळे डाव्या हाताचा आळस लगेच उघडा पडतो. सी मेजर धरा: ५/३, ४/२, ३/०, २/१, १/०. अंगठ्याची सुरुवात पाचव्या तारेपासून, सहावी वाजवायची नाही. एकेक तार छेडा आणि ऐका. तिसरी दबल्यासारखी वाजते आहे? चौथ्या तारेवरचं मधलं बोट आडवं पडून तिला लागत असेल. पहिली वाजतच नाही? तर्जनी खाली टेकली आहे. बोटांची टोकं उभी करा, कोपर जरा शरीराकडे घ्या.

आता ए मायनर: ५/०, ४/२, ३/२, २/१, १/०. सी मेजरवरून इथे यायला फक्त अनामिका हलते. पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठून ती तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचंच नाही. असं का होतं, ते सरगममध्ये बघितलं की लगेच कळतं. सी हा सा धरला, म्हणजे पेटीची पांढरी एक, तर सी मेजर आहे सा ग प. ए मायनर आहे ध सा ग. दोन सूर तेच, फक्त पंचमाचा धैवत झाला. तीन सुरांपैकी दोन हलत नाहीत म्हणून बोटंही हलत नाहीत.

आर्पेजिओत कॉर्ड बदलण्याची एक सोय आहे, जी स्ट्रमिंगमध्ये नसते. सगळी बोटं एकाच क्षणी पोहोचावी लागत नाहीत. अंगठा आधी वाजणार, तर खालच्या सुराचं बोट आधी पोहोचलं पाहिजे. दुसऱ्या तारेची पाळी तीन मात्रांनी येणार असेल तर तिथल्या बोटाला तेवढी सवड आहे. ज्या क्रमाने तारा वाजणार त्या क्रमाने बोटं ठेवायला शिका.

पुढे डी मायनर घ्या: ४/०, ३/२, २/३, १/१, सुरुवात चौथ्या तारेपासून. आणि जी मेजर: ६/३, ५/२, ४/०, ३/०, २/०, १/३, सुरुवात सहाव्यापासून. सी, ए मायनर, डी मायनर, जी असं चक्र करा, प्रत्येकावर दादऱ्याचं एक आवर्तन. अंगठ्याचा प्रवास पाचवी, पाचवी, चौथी, सहावी असा होतो. तो आधी नुसत्या अंगठ्याने, बाकी बोटं न वापरता, दहा वेळा करून घ्या.

उजव्या हाताचे नमुने आणखी हवे असतील तर माउरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाचे १२० अभ्यास आहेत. ते १८१२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तो व्हिएन्नात राहत होता. शेकडो कॉर्ड घेण्याऐवजी त्याने सगळे अभ्यास सी मेजर आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डांवर बांधले, म्हणजे डावा हात जवळजवळ बसून राहतो आणि सगळं लक्ष उजव्याकडे. दोनशे वर्षांनंतरही गिटारचे शिक्षक ते देतात. सगळे १२० करण्याची नवशिक्याला गरज नाही. पहिले दहा स्वच्छ झाले तरी हात पुष्कळ तयार होतो.

तिसरी पायरी: सूर एकेक शोधणं

इथून दुसरा अर्थ सुरू होतो.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. फरक गंधारात, एवढंच. गिटारवर एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, काळ्या धरून. सा ते शुद्ध ग चार फ्रेट, ग ते प तीन फ्रेट. मायनरमध्ये उलट: आधी तीन, मग चार.

हे डोळ्यांनी बघायला एकाच तारेवर वाजवा. दुसरी तार घ्या. २/१ सा, २/५ ग, २/८ प, २/१३ वरचा सा. एका बोटाने, सावकाश, गात. मग ग एक फ्रेट खाली आणा: २/१, २/४, २/८. मेजरचा मायनर झाला. एका फ्रेटने रंग कसा बदलतो हे एकाच तारेवर जितकं स्पष्ट ऐकू येतं तितकं सहा तारांवर येत नाही. मी आजही एखादा नवा आर्पेजिओ आधी एका तारेवर वाजवतो, मगच आकाराकडे जातो.

ज्यांनी गाणं शिकलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. तानपुरा लावून गिटारवरचा ग वाजवलात तर तो जरा चढा वाटेल. तुमचा कान चुकत नाही. तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा गिटारचा गंधार अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाने चढा असतो, कारण फ्रेट सगळ्या पट्ट्यांसाठी समान स्वरांतराने बसवलेले असतात. त्या एका कॉर्डसाठी तार उतरवून घेण्याचा मोह होतो. उतरवलीत तर तो कॉर्ड गोड होईल आणि बाकीचे बिघडतील. ट्यूनर सांगेल तसंच ठेवा.

आता सहा तारांवर. चांगली बातमी अशी की पहिला आकार तुम्हाला येतोच, कारण तो सी मेजर कॉर्डच आहे:

५/३ सा, ४/२ ग, ३/० प, २/१ सां, १/० गं, १/३ पं.

तिसऱ्या फ्रेटसाठी अनामिका, दुसऱ्यासाठी मधलं, पहिल्यासाठी तर्जनी. कॉर्ड धरायचा नाही, ज्या सुराची पाळी त्याचंच बोट खाली. सूर वाजला की बोट उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा, म्हणजे नाद थांबतो आणि बोट तारेवरच राहतं. मोकळ्या तारा थांबवायला उजव्या हाताचा अंगठा किंवा तळवा हलकासा लावावा लागतो. हे सुरुवातीला जिकिरीचं वाटेल.

वाजवायला पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरत असाल तर खाली-वर, खाली-वर असा आलटून पालटून चालवा. तार बदलताना हात अडखळेल. त्याला उपाय नाही. लय कमी करा आणि अडखळणं जाईपर्यंत वाजवा.

पलटे

सरगमचे पलटे आपण सगळ्यांनी घोकले आहेत: सारेग, रेगम, गमप. तेच इथे करायचं, फक्त कॉर्डचे तीन सूर ठेवून बाकीचे गाळायचे:

सा ग प । ग प सां । प सां गं । सां गं पं

गिटारवर:
५/३ ४/२ ३/० । ४/२ ३/० २/१ । ३/० २/१ १/० । २/१ १/० १/३

उतरताना:
पं गं सां । गं सां प । सां प ग । प ग सा

पाश्चात्त्य संगीतात 'इन्व्हर्जन' नावाचं एक प्रकरण असतं, ज्याला विद्यार्थी उगाच घाबरतात. वरच्या पलट्यात ते सगळं आलं. सा खाली असलेला कॉर्ड, ग खाली असलेला, प खाली असलेला. तीन सुरांची अदलाबदल.

दादऱ्यात हा पलटा अगदी नीट बसतो, कारण तीन-तीनचे तुकडे आहेत. तो जमला की केरव्यात घालून बघा. तीनचा तुकडा चारच्या चालीत पडला की प्रत्येक तुकड्याची सुरुवात सरकते, आणि चार तुकडे झाले की बारा मात्रांनी पुन्हा जुळते. हे पहिल्या महिन्यात करू नका, पण करा नक्की.

आकार सरकवणं

मोकळ्या तारा नसलेला आकार एकदा बसला की तो नेकवर कुठेही नेता येतो. सी मेजरसाठी सहाव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर मधलं बोट ठेवा:

६/८ सा, ५/७ ग, ५/१० प, ४/१० सां, ३/९ गं, २/८ पं, १/८ तार सप्तकाच्याही वरचा सा.

सातव्या फ्रेटला तर्जनी, आठव्याला मधलं, नवव्याला अनामिका, दहाव्याला करंगळी. ५/१० वरून ४/१० वर जाताना करंगळी उचलून ठेवू नका. तिचं पेर किंचित लवंडवा, म्हणजे टोकाने पाचवी आणि पेराने चौथी तार दबते. २/८ ते १/८ साठी मधल्या बोटाने तसंच. ही लवंडण्याची युक्ती या आकारातली एकमेव अवघड गोष्ट आहे, म्हणून ते दोन-दोन सूर वेगळे काढून पन्नास वेळा वाजवा.

हाच आकार दोन फ्रेट वर सरकवला की डी मेजर, पेटीची पांढरी दोन. एक फ्रेट सरकवला तर काळी एक. गायकाने पट्टी सांगितली की आता तुम्हाला नवं काही शिकावं लागत नाही, फक्त सा कुठे आहे ते माहीत हवं.

मायनरसाठी ए मायनर, सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरून:

६/५, ६/८, ५/७, ४/७, ३/५, २/५, १/५.

इथे पाचव्या फ्रेटला तर्जनी, सातव्याला अनामिका, आठव्याला करंगळी. म्हणताना मात्र दोन पद्धती आहेत. ए ला सा मानून सा, कोमल ग, प म्हणा. किंवा सी हाच सा ठेवून ध, सा, ग म्हणा. मी दोन्ही करायला सांगेन. पहिल्याने कॉर्डचा रंग कळतो, दुसऱ्याने तो गाण्यात कुठे बसतो ते कळतं.

याशिवाय आणखी आकार आहेत, इंटरनेटवर पाच-पाच आकारांचे तक्ते मिळतात. ते सगळे एका महिन्यात पाठ करू नका. दोन आकार, दोन्ही मेजर-मायनर, चार वेगवेगळ्या पट्ट्यांत, सुरांची नावं घेत. एवढं सहा महिन्यांना पुरतं.

कॉर्डकडून कॉर्डकडे

आकार एकेकटे वाजवणं आणि गाण्याच्या चालीबरोबर वाजवणं यांत मोठं अंतर आहे. ते कमी करण्यासाठी आधीचंच चक्र घ्या. प्रत्येक कॉर्डला चार सूर, आणि कॉर्ड बदलताना उडी न मारता जवळच्या सुरावर पाऊल:

सी मेजर: ५/३ सा, ४/२ ग, ३/० प, २/१ सां
ए मायनर: १/० गं, २/१ सां, ३/२ ध, ४/२ ग
डी मायनर: ४/३ म, ३/२ ध, २/३ रें, १/१ मं
जी मेजर: १/३ पं, २/३ रें, २/० नी, ३/० प
आणि परत सी: ४/२ ग, ५/३ सा.

सांधे ऐका. ए मायनरचा शेवटचा ग आणि डी मायनरचा पहिला म यांत एकाच फ्रेटचं अंतर आहे. त्या ठिकाणी चाल पुढे सरकल्यासारखी वाटते. हे वाजवताना मोबाईलवर स्वतःच्याच चार कॉर्डांचं स्ट्रमिंग रेकॉर्ड करून मागे लावा. सूर कॉर्डशी जुळतो आहे की नाही ते लगेच समजेल.

मग हीच वाट तुमच्या पद्धतीने बदला. एखाद्या कॉर्डला चढण्याऐवजी उतरा. एक सूर गाळून तिथे विश्रांती घ्या. चार सुरांऐवजी दोनच वाजवा आणि दुसरा लांबवा.

सी मेजरच्या कॉर्डमधून तर्जनी उचलली की २/० म्हणजे शुद्ध नी मोकळा होतो, आणि सा ग प नी असा चार सुरांचा कॉर्ड तयार होतो. हे चार सूर ओळखीचे वाटले तर नवल नाही: त्यांत रिषभ मिळवला की हंसध्वनीचे स्वर पूर्ण होतात. मालश्री रागातही सारा भर सा, ग, प यांवर असतो. याचा अर्थ आर्पेजिओ वाजवला की राग झाला असा अजिबात नाही. रागाला त्याचं चलन असतं, मींड असते, आणि फ्रेटवरून फ्रेटवर उडी मारत ते साधत नाही. पण सा-ग-प-सां अशा उड्या कानाला परक्या नाहीत, एवढा धीर यातून जरूर घ्यावा.

रोजचा वीस मिनिटांचा सराव

पहिले तीन मिनिटं सूर लावणं आणि मोकळ्या तारांवर अं त म ना. पुढची सात मिनिटं उजवा हात: दादरा किंवा केरवा, दोन ते चार कॉर्ड. मग सात मिनिटं डावा हात: एका तारेवर एकदा, नंतर पलटे, गात. उरलेली तीन मिनिटं तुमच्या आवडीच्या गाण्यात आज शिकलेलं घालून बघा, कितीही मोडकंतोडकं झालं तरी. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त देतात, कारण बोटांना सवय झोपेतून, विश्रांतीतून बसते.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळतील. ते चालतं, घट्टे पडले की थांबतं. मनगट, कोपर किंवा दंड दुखायला लागला तर ते चालत नाही. त्या दिवशी गिटार ठेवून द्या, आणि दुसऱ्या दिवशी बघा की तुम्ही तार गरजेपेक्षा जास्त जोराने दाबताय का. यासाठी एक चाचणी आहे. बोट तारेवर नुसतं टेकवून छेडा, मग दाब हळूहळू वाढवत न्या. ज्या क्षणी सूर स्वच्छ येतो तेवढाच दाब पुरेसा असतो, आणि तो बहुतेकांना वाटतो त्याच्या निम्मा निघतो.

आठवड्यातून एकदा, लय ६० वर ठेवून, वरचं चार कॉर्डांचं चक्र मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. वाजवताना लक्ष बोटांत असतं. दुसऱ्या दिवशी ऐकताना कळतं की डी मायनरला अंगठा उशिरा पोहोचतोय, किंवा अनामिकेचा सूर ऐकूच येत नाहीये. जे ऐकू येईल ते कागदावर लिहा आणि येत्या आठवड्याची सात मिनिटं फक्त त्यालाच द्या.